ट्रान्झिस्टरच्या घरातला शेवटचा व्हॉल्व्ह

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला एक हिरवा डोळा असे. केंद्र नीट लागलं की त्या डोळ्यातली काळी फट मिटत येई आणि केंद्र सुटलं की पुन्हा उघडे. अमेरिकेत १९३५च्या सुमारास बाजारात आलेली ही ‘मॅजिक आय’ नळी पुढे मोठ्या रेडिओसंचांबरोबर मराठी माजघरांतही पोचली. सूर कानांना लागण्याआधी तो डोळ्यांना दिसावा, ही त्यामागची कल्पना. नंतर ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्व्हची ऊब, त्याचं तापायला वेळ घेणं आणि काच तडकण्याची धास्ती हे सगळं दहा-पंधरा वर्षांत मागे पडलं. १९७०च्या दशकात जपानी कंपन्या आपल्या स्टिरिओ रिसीव्हरवर ‘सॉलिड स्टेट’ हे शब्द बिरुदासारखे मिरवू लागल्या. आत आता काच नाही, निर्वात पोकळी नाही आणि लाल होणारी तारही नाही, असा त्या शब्दांचा अर्थ होता.

दशक संपता संपता याच रिसीव्हरच्या दर्शनी भागावर निळसर हिरवे आकडे उजळू लागले. ९८.३ मेगाहर्ट्‌झ, ७९२ किलोहर्ट्‌झ असं केंद्राचं नेमकं ठिकाण सांगणारे. ते पाहून लोकांना भविष्यकाळ दारात आल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात त्या आकड्यांमागे व्हॉल्व्हच होता. काचेची हवाबंद पेटी, आत निर्वात, तापणारी तार, जाळी आणि तिच्यामागे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा लेप. व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले, थोडक्यात व्हीएफडी, या नावाने ओळखली जाणारी ही वस्तू हिरव्या डोळ्याचीच वंशज आहे.

कुळकथा सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वयाचे असे रिसीव्हर आज ‘डिस्प्ले गेला’ या एका निदानावर भंगारात जातात. आवाज उत्तम असतो, ॲम्प्लिफायर धडधाकट असतो, पण आकडे मंद झालेले किंवा विझलेले असतात. काचेची ती पट्टी कुठेच मिळत नाही, म्हणून दुरुस्तीचा विषय संपतो. पण व्हॉल्व्हची नाडी ओळखणाऱ्याने हाच संच तपासला, तर बहुतेकदा दोष काचेच्या बाहेर सापडतो. डिस्प्ले मेलेला नसतो, त्याला जगवणारे व्होल्टेज आटलेले असतात. खरी झीज कुठली आणि उपासमार कुठली, हा फरक कसा ओळखायचा, हा या लेखाचा विषय आहे.

निक्सीपासून नाकामुरांपर्यंत

आकडे प्रकाशाने दाखवण्याचा पहिला यशस्वी मार्ग म्हणजे निक्सी नळी. अमेरिकेच्या बरोज कंपनीने ती १९५५ साली बाजारात आणली. निऑन वायूत एकामागे एक उभ्या केलेल्या तारेच्या दहा आकड्यांपैकी हवा तो नारिंगी प्रकाशाने उजळे. दिसायला देखणी, पण तिला सुमारे १७० व्होल्ट लागत. नाजूक ट्रान्झिस्टरला आणि त्यानंतर आलेल्या इंटिग्रेटेड सर्किटला एवढा दाब सोसवणारा नव्हता.

दुसरा धागा युरोपात होता. फिलिप्सने १९५९मध्ये डीएम १६० नावाची चिमुकली दर्शक नळी काढली. ती आकडा दाखवत नसे. एक हिरवट ठिपका उजळे किंवा विझे, एवढंच. पण ती ट्रान्झिस्टरच्या कमी व्होल्टेजवर चालत असे, म्हणून त्या काळच्या संगणकांत ती उपयोगी पडली.

हे दोन धागे जपानमध्ये एकत्र आले. इसे इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीतले तादाशी नाकामुरा यांनी १९६७ साली कमी दाबावर चालणारी, रेघांचे आकडे दाखवणारी निर्वात नळी तयार केली. जपानी कंपन्यांत तेव्हा टेबलावरच्या गणकयंत्रांची चुरस लागली होती. शार्पने १९६९मध्ये आणलेल्या क्यूटी-८डी या गणकयंत्रावर या नळ्या बसल्या. त्यातले आकडे आजच्या डोळ्यांना जरा विचित्र वाटतात. शून्य तर निम्म्याच उंचीचं. पण निळसर हिरवा उजेड तोच, जो पुढे व्हीसीआर, मायक्रोवेव्ह ओव्हन, कॅसेट डेक आणि गाडीतल्या घड्याळांतून जगभर पसरला.

सुरुवातीला प्रत्येक आकड्याची वेगळी नळी असे. पुढे अनेक आकडे, अक्षरं आणि चिन्हं एकाच चपट्या काचपेटीत बसवता येऊ लागली. १९७९-८०च्या सुमाराच्या पायोनिअर एसएक्स-३९०० या रिसीव्हरवर तर फिरत्या काट्याची जुनी पट्टी आणि उजळते आकडे शेजारी शेजारी आहेत. ध्वनीची ताकद दाखवणारे सुईचे मीटर जाऊन त्यांच्या जागी उजळत्या पट्ट्याही आल्या. कंपनीने त्यांना ‘फ्लुरोस्कॅन’ म्हटलं. दोन युगांचा सांधा एकाच पॅनेलवर पाहायचा, तर हा संच पाहावा.

काचेच्या आत

संच बंद करून काचपट्टी तिरक्या उजेडात धरली, की तिचे तीन थर दिसतात. सर्वांत पुढे, केसापेक्षाही बारीक अशा दोन-तीन आडव्या तारा ताणलेल्या असतात. हा फिलॅमेंट, म्हणजे ऋणाग्र. तारेच्या टोकाला बारीकशी स्प्रिंग असते, कारण तापल्यावर तार लांबते आणि सैल पडली तर मागच्या जाळीला टेकेल. त्यामागे प्रत्येक आकड्यापुढे एक अतिशय झिरझिरीत धातूची जाळी, म्हणजे ग्रिड. सर्वांत मागे काचेवर आकड्यांच्या रेघा छापलेल्या असतात. ही धनाग्रं. त्यांच्यावर झिंक ऑक्साइडच्या फॉस्फरचा लेप असतो. आपण आकडे वाचतो ते तारा आणि जाळी यांच्या आरपार पाहून. तारा इतक्या बारीक आणि जाळी इतकी विरळ, की नजर त्यांना ओलांडून जाते.

काम असं चालतं : तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. जाळी आणि रेघ या दोन्हींना तारेपेक्षा धन व्होल्टेज मिळालं, की इलेक्ट्रॉन जाळीतून पार होऊन रेघेवर आदळतात आणि फॉस्फर निळसर हिरवा उजळतो. दोघांपैकी एकाने जरी नकार दिला, तरी रेघ काळी राहते.

तार टंगस्टनची असते. नुसत्या टंगस्टनमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघायला ते दिव्याच्या तारेसारखं दोन हजार अंशांच्या वर तापवावं लागेल आणि मग तारेच्याच उजेडात आकडे हरवतील. यावरचा उपाय विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जर्मन शास्त्रज्ञ आर्थर वेनेल्ट यांनी शोधला होता. बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप दिला, की बऱ्याच कमी तापमानाला भरपूर इलेक्ट्रॉन मिळतात. व्हीएफडीची तार त्यामुळे सहाशे-साडेसहाशे अंशांवरच चालते. गडद अंधारात डोळा लावून पाहिलं तर तिचा जेमतेम लालसर भास होतो. एरवी ती दिसत नाही. ती उघड लाल दिसू लागली, तर तिला जास्त व्होल्टेज मिळतंय असं समजावं.

काचेच्या एका कोपऱ्यात आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा. आत उरलेले वायूचे कण तो शोषून घेतो आणि निर्वात राखतो. जुने रेडिओ मेकॅनिक व्हॉल्व्ह हातात घेतला की आधी हा डाग पाहत. इथेही तीच रीत लागू पडते. डाग चंदेरी असेल तर निर्वात शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेत हवा शिरली आहे आणि त्यापुढे उपाय नाही. सगळ्या तपासणीतली ही पहिली पायरी. तिला हत्यार लागत नाही आणि संच चालूही करावा लागत नाही.

व्होल्टेजची उलटी उतरंड

या डिस्प्लेचं निदान चुकतं ते बहुधा इथे. आपल्याला शून्यापासून वर चढणाऱ्या व्होल्टेजची सवय असते. व्हीएफडीचा संसार बहुतेक रिसीव्हरांत शून्याच्या खाली चालतो.

एक नमुन्याची मांडणी घेऊ. संचात उणे ३० व्होल्टचा एक पुरवठा असतो. रेघ किंवा जाळी उजळवायची, तर नियंत्रक चिप तिला अधिक ५ व्होल्टला जोडते. विझवायची, तर चिप हात सोडते आणि एक रेझिस्टर तिला उणे ३०पर्यंत खाली ओढतो. फिलॅमेंट मात्र उणे ३०वर न ठेवता एका झेनर डायोडच्या आधाराने उणे २५च्या आसपास टांगलेला असतो. म्हणजे ‘चालू’ रेघ तारेपेक्षा ३० व्होल्टने वर आणि ‘बंद’ रेघ तारेपेक्षा ५ व्होल्टने खाली. या खालच्या पाच व्होल्टमुळेच बंद रेघेकडे निघालेले इलेक्ट्रॉन मागे परततात.

तारेला तापवणारा पुरवठा वेगळा. ट्रान्सफॉर्मरच्या स्वतंत्र गुंडाळीतून ३ ते ६ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तिला दिलेला असतो. एकाच दिशेचा प्रवाह दिला असता तर तारेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा कायमच वरच्या व्होल्टेजवर राहिलं असतं आणि आकड्यांची ओळ एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने फिकी दिसली असती. प्रत्यावर्ती प्रवाहात टोकांची अदलाबदल होत राहते, त्यामुळे उजेड समान पडतो.

आणखी एक युक्ती तारांची संख्या कमी करते. सात रेघांचे चार आकडे, म्हणजे एरवी २८ जोडण्या. त्याऐवजी सगळ्या आकड्यांच्या सारख्या जागच्या रेघा एकमेकींना जोडतात आणि प्रत्येक आकड्याची जाळी वेगळी ठेवतात. सात अधिक चार, अकरा जोडण्यांत काम भागतं. चिप एका वेळी एकच जाळी उघडते, तो आकडा लिहिते आणि पुढच्याकडे जाते. हा फेरा सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होतो, म्हणून डोळ्याला सगळे आकडे एकदम पेटलेले वाटतात.

लक्षणं वाचताना

ही रचना ध्यानात घेतली, की मंद किंवा बिघडलेला डिस्प्ले स्वतःच बोलू लागतो.

एकच आकडा पूर्ण काळा असेल, तर त्याच्या जाळीची वाट तुटली आहे. प्रत्येक आकड्यातली एकाच जागची रेघ गेली असेल, तर त्या रेघांची सामाईक वाट तुटली आहे. दोन्ही बाबतींत काचेपेक्षा डाखाचा संशय आधी घ्यावा. काचेच्या पायांना दिलेला डाख वर्षानुवर्षं तापून-निवून कंकणासारखा तडकतो. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती बारीक काळी रेघ दिसते.

सगळे आकडे दिसताहेत, पण आडवी एक पट्टी अंधारी आहे : समांतर तारांपैकी एक तुटली. ही दुखापत काचेच्या आतली, भरून न येणारी. मात्र उरलेल्या तारांवर संच वाचनीय राहू शकतो.

विझलेल्या रेघाही अंधुक उजळून ८ या आकड्याचं भूत दिसतंय : फिलॅमेंटला उचलून धरणारा झेनर डायोड शॉर्ट झाला असावा. तार आणि बंद रेघ एकाच पातळीवर आल्या, की मागे परतवणारे ते पाच व्होल्ट उरत नाहीत. एखादीच रेघ अशी भुतासारखी राहिली, तर तिला खाली ओढणारा रेझिस्टर उघडा पडला असावा.

पूर्ण अंधार असेल, तर दोन पुरवठे मोजायचे, तारेचा आणि उणे ३०चा. दोन्हींच्या वाटेवर सहसा फ्युजिबल रेझिस्टर असतात. प्रवाह जरा वाढला की ते फ्यूजसारखे उघडतात, पण बाहेरून कित्येकदा काळे पडत नाहीत. मीटर लावल्याशिवाय ते कळत नाही. बदलताना त्याच जातीचा, न पेटणारा रेझिस्टर घालावा. साधा घातला तर पुढच्या बिघाडाच्या वेळी आगीला वाट मोकळी होते.

आणि सर्वांत सामान्य तक्रार : सगळे आकडे सारखेच मंद. इथे निम्म्या लोकांना काच म्हातारी झाली असं वाटतं. पण इलेक्ट्रॉनचा प्रवाह व्होल्टेजच्या दीड घाताने बदलतो आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनचा आघात व्होल्टेजच्या प्रमाणात. दोन्हींचा गुणाकार अडीच घाताचा. म्हणजे तार आणि रेघ यांच्यामधलं व्होल्टेज ३०वरून १५वर आलं, तर उजेड निम्मा न होता साधारण सहाव्या हिश्शावर येतो. थोडीशी उपासमारही डोळ्याला मरणासारखी दिसते.

सुकलेले कपॅसिटर

ही उपासमार बहुतेक वेळा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमुळे होते. त्याच्या ॲल्युमिनियमच्या डबीत ओला द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी कमी ठेवलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. तो उलटाही चालतो. उणे ३० व्होल्टच्या पुरवठ्याजवळ नेमके गरम होणारे रेझिस्टर असतात, त्यामुळे संचातले बाकीचे कपॅसिटर ठीक असताना इथला एखादा आधी सुकतो. किंमत पाहिली तर तो संचातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक.

बदलताना सूक्ष्म पण घातक अशी एक गोष्ट सांभाळायची. ऋण पुरवठ्यात कपॅसिटरची धन बाजू जमिनीला, म्हणजे शून्याला जोडलेली असते. सवयीने ऋण बाजू जमिनीला जोडली, तर कपॅसिटर उलटा बसतो आणि फुटतो. जुना काढण्याआधी त्याची दिशा बोर्डवर लिहून ठेवावी. क्षमता मूळ इतकीच, व्होल्टेजची मर्यादा मूळ इतकी किंवा थोडी जास्त आणि १०५ अंशांच्या जातीचा कपॅसिटर घेतला, की पुढची काही दशकं चिंता नको.

बरीच वर्षं पडून असलेला संच थेट विजेला जोडू नये. आपल्याकडचे मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड इथे कामी येतो. संचाच्या वाटेत जुन्या पद्धतीचा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि संच वाचतो. उघडण्याआधी वायर काढून थांबावं. ॲम्प्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरांत विजेचा साठा उरतो. त्यांची टोकं स्क्रू ड्रायव्हरने भिडवण्यापेक्षा रेझिस्टर लावून तो उतरवावा. काचपट्टीच्या कडेला असलेली हवा काढण्याची टोकेरी नळी तर हातानेही छेडू नये. ती तुटली की सगळं संपलं.

आणि या सगळ्याच्या आधी, समोरच्या पारदर्शक पट्टीची आतली बाजू ओल्या मऊ कापडाने पुसून पाहावी. सिगारेटचा धूर, स्वयंपाकघराची वाफ आणि चाळीस वर्षांची धूळ यांचा थर कित्येकदा ‘मंद डिस्प्ले’ म्हणून दुरुस्तीला येतो.

झिजलेली अक्षरं काय सांगतात

व्होल्टेज बरोबर आहेत, डाख पक्के आहेत, काच स्वच्छ आहे आणि तरी काही रेघा फिक्या आहेत. आता मात्र खरी झीज समोर आली. फॉस्फर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने थकतो. थकवा सर्वत्र सारखा नसतो. जी रेघ जास्त पेटली, ती जास्त झिजली.

त्यामुळे अशा काचेवर तिच्या मालकाच्या ऐकण्याचा इतिहास उमटलेला असतो. ज्या घरात वर्षानुवर्षं एफएम वाजलं, तिथे ‘एफएम’, ‘मेगाहर्ट्‌झ’ आणि ‘स्टिरिओ’ ही अक्षरं फिकी पडलेली आणि ‘एएम’ नव्यासारखं तजेलदार. भारतात एफएम प्रसारण १९७७ साली मद्रासला सुरू झालं, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ते घरोघरी ऐकू यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. १९८०च्या सुमारास इथे आलेल्या आणि इथेच वाजलेल्या संचावर ‘एएम’ची अक्षरं आधी थकावीत, हे त्यामुळे स्वाभाविक. रोज एकच केंद्र लावणाऱ्याच्या संचावर तर त्या केंद्राचे आकडे पुसट सावलीसारखे उरतात. दुसरं केंद्र लावलं, की नव्या आकड्याच्या काही रेघा ठळक आणि काही पुसट दिसतात. ठळक रेघा त्या, ज्या जुन्या केंद्राला लागत नव्हत्या.

हे फॉस्फर परत भरता येत नाही. तारेवरच्या लेपाचं मात्र थोडं वेगळं आहे. तो थकला, की उजेड सगळीकडे सारखा कमी होतो. दोघांतला फरक ओळखायचा, तर तारेचं व्होल्टेज क्षणभर किंचित वाढवून पाहतात. उजेड लगेच सुधारला तर तार थकली आहे, फारसा फरक पडला नाही तर फॉस्फर. थकलेल्या तारेवर ‘संजीवनी’चा एक जुना प्रयोग आहे : बाकी व्होल्टेज काढून टाकून तारेला थोडा वेळ जास्त तापवायचं, म्हणजे लेपाच्या आतलं बेरियम पृष्ठावर येतं. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवरही पूर्वी हेच करत. पण यात तार तुटण्याचा धोका खरा आहे, आणि गुण आला तरी तो टिकेल याची हमी नसते. ज्या काचेला बदली नाही, तिच्यावर हा उपाय अगदी शेवटी, आणि मालकाला आधी सांगूनच करावा. उणे पुरवठा वाढवून आकडे जबरदस्तीने उजळ करणं तर त्याहून वाईट. उरलेला फॉस्फर त्यात लवकर जळतो.

परदेशातून आलेले संच

१९९१पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. असे बरेच रिसीव्हर आपल्याकडे आखातातून किंवा अमेरिकेतून परतणाऱ्यांच्या सामानातून आले आणि पुढे लॅमिंग्टन रोड, चोरबाजार किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या परिसरात फिरत राहिले. त्यांच्या डिस्प्लेच्या काही तक्रारी बिघाडाच्या नसून स्थलांतराच्या असतात.

पहिली विजेची. अमेरिकन संच १२० व्होल्टचा, जपानी घरगुती संच १०० व्होल्टचा. त्यांना उतरता ट्रान्सफॉर्मर लागतो. फिलॅमेंटचा पुरवठा सहसा कोणत्याही नियंत्रणाशिवाय थेट गुंडाळीतून येतो, त्यामुळे घरातली वीज १७० व्होल्टवर आली की आवाज तसाच राहूनही आकडे मंदावतात. उलट, मागच्या बाजूचा निवडखटका २२० वर आणि घरात २५० व्होल्ट, अशी स्थिती असेल तर तार कायम गरजेपेक्षा जास्त तापते. ज्या संचाला २४० ची सोय आहे, तिथे खटका त्यावरच ठेवावा.

दुसरी आकड्यांची. मध्यम लहरींवर अमेरिकेत केंद्रं १० किलोहर्ट्‌झच्या अंतरावर असतात, तर आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणी पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, मुंबई विविध भारती ११८८, या सगळ्या ९ च्या पटी. दहाच्या पायऱ्यांनी चढणारा अमेरिकन संच पुण्यासाठी ७९०वर थांबतो आणि १०४४च्या जवळ १०४० दाखवतो. एफएमवर अमेरिकेतली केंद्रं एका विषम दशांशावरून पुढच्या विषम दशांशावर जातात. म्हणून त्या पायऱ्यांच्या संचावर ९८.३ बिनचूक लागतं, पण पुण्याचं १०१.० लागत नाही. एक तर १००.९ किंवा १०१.१, आणि दोन्हींवर आवाज फाटका. जपानी घरगुती संचाचं एफएम त्या काळी ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झपर्यंतच जाई. आपली बहुतेक केंद्रं त्याच्या वर. असा संच दुरुस्तीला नेऊन काचेवर खर्च करणं व्यर्थ. काही संचांच्या मागे ९ आणि १० च्या पायऱ्यांचा खटका असतो, तो आधी शोधावा.

काही संचांत आकडे नुसते मोजणीचे असतात. संचातल्या ऑसिलेटरची कंप्रता मोजायची आणि तिच्यातून १०.७ मेगाहर्ट्‌झ वजा करून दाखवायचं. १०१.० लावलं तर आत १११.७ चालू असतं. असा संच स्वच्छ, ठळक, पण सतत ठरावीक फरकाने चुकीचा आकडा दाखवत असेल, तर डिस्प्ले निर्दोष आहे. दोष मोजणाऱ्या भागात शोधावा.

बदली की जतन

या काचपट्ट्या बहुतेक त्या त्या मॉडेलसाठी मुद्दाम बनवलेल्या असत. अक्षरांची जागा, पायांचा क्रम, जाळ्यांची विभागणी, सगळं वेगळं. आज त्या बनवणारे कारखाने मोजकेच आहेत आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या एका रिसीव्हरसाठी कोणी साचा उघडणार नाही. म्हणून बदली म्हणजे दुसऱ्या मृत संचातून काढलेली काच. दुसरा मार्ग हौशी तंत्रज्ञांनी काढला आहे : जाळ्या आणि रेघांकडे जाणारे संकेत छोट्या मायक्रोकंट्रोलरने वाचायचे आणि एलईडी किंवा ओएलईडी पट्टीवर आकडे दाखवायचे. संच वापरता येतो, हे खरं. पण तो निळसर हिरवा, किंचित पसरलेला उजेड आणि जाळीच्या आतून येणारी खोली त्यात नसते. जी काच खरोखर गेली आहे, तिथे हा तोडगा रास्त आहे. जी फक्त उपाशी आहे, तिथे तो अन्याय आहे.

हा फरक करता येतो, कारण त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण मंडल छापलेलं असे आणि ठिकठिकाणी किती व्होल्ट असावेत हेही लिहिलेलं असे. कारखान्यापासून हजारो मैल दूर बसलेला मेकॅनिक त्या आकड्यांशी आपल्या मीटरवरचा आकडा ताडून पाही. आज घेतलेल्या एखाद्या ध्वनियंत्राचा असा कागद ग्राहकाला किंवा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला क्वचितच मिळतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्या हक्काचा गाभा सुट्या भागांइतकाच या कागदांत आहे. कोणत्या टोकाला किती व्होल्ट हवेत हेच माहीत नसेल, तर झीज आणि उपासमार यांत भेद करणार कसा?

तेव्हा घरातल्या जुन्या रिसीव्हरचे आकडे विझले असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. काचेतला डाग चंदेरी आहे का? फिलॅमेंटला किती व्होल्ट मिळताहेत? उणे पुरवठा किती आहे? आणि सगळ्या रेघा सारख्याच फिक्या आहेत, की ठरावीकच? ही चार उत्तरं कागदावर लिहून तारखेसह संचाच्या आत चिकटवून ठेवावीत. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला त्या आकड्यांवरून कळेल की काच या काळात किती थकली, आणि काय फक्त सुकलं होतं.